आठ तारीख वेगळी कशाला, म्हणे!

सकाळी सकाळी ग्रुप उघडला आणि डोकं फिरलं. आज ८ नोव्हेंबर, कॅनडात आदिवासी सैनिकांच्या स्मरणाचा दिवस. कुणीतरी त्याचा फोटो टाकला होता. खाली आपल्यातल्याच एका सद्गृहस्थांचं उत्तर: "अकरा तारीख आहे ना सगळ्यांसाठी? मग यांचा वेगळा दिवस कशाला? उद्या प्रत्येकजण आपापला मागेल." अकरा तारीख म्हणजे ११ नोव्हेंबर, युद्धात गेलेल्या सगळ्याच सैनिकांच्या स्मरणाचा दिवस. त्यावर अंगठ्यांची ही रांग!

ग्रुपवर भांडायचं नाही असा घरात ठराव झालाय, म्हणून इथे लिहितेय. लांबेल. ज्यांना वेळ नाही त्यांनी पुढे सरका.

वेगळा दिवस कुणी हौस म्हणून मागत नाही हो. हा दिवस सुरू झाला १९९४ मध्ये, विनिपेगला. पहिलं महायुद्ध संपून पाऊणशे वर्षं उलटल्यावर! ज्या देशासाठी ही मुलं फ्रान्स-बेल्जियमच्या चिखलात मेली, त्या देशाने फर्स्ट नेशन्सच्या, म्हणजे तिथल्या मूळच्या आदिवासी लोकांना बिनशर्त मताधिकार दिला १९६० साली. जे जिवंत परत आले त्यांना जमीन नि कर्ज मिळवायला मधे 'इंडियन एजंट' नावाचा, म्हणजे आदिवासींवर नेमलेला सरकारी साहेब. गोऱ्या सोबत्याला जे सहज मिळालं त्यासाठी यांनी उंबरे झिजवले. आणि वर आपण विचारायचं, वेगळा दिवस कशाला!

इथे कॅनडात, एडमंटनमध्ये राहणाऱ्यांनी तरी हे विचारू नये. डाउनटाउनमधलं अलेक्स डेकोटो पार्क तुम्हाला माहीत आहे. एका बाजूला भाजीचे वाफे, दुसरीकडे कुत्री मोकळी सोडायची जागा. तिथे बसून आपण सगळ्यांनी कधी ना कधी कॉफी प्यायलीय. हा डेकोटो कोण, हे किती जणांना ठाऊक आहे?

क्री या आदिवासी समाजाचा मुलगा. जन्म १८८७, सस्कॅचवान प्रांतातल्या रेड फेझंट रिझर्वचा, म्हणजे आदिवासींसाठी राखलेल्या वस्तीतला. बाप १८८५ मध्ये कट नाइफच्या लढाईत कॅनडाच्या फौजेविरुद्ध लढलेला. पोरगा एडमंटनला येऊन पोलीस झाला, कॅनडातला पहिला आदिवासी पोलीस. पळायचा तर असा की १९१२ ला स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये पाच हजार मीटर धावला. मग सैन्यात गेला आणि ३० ऑक्टोबर १९१७ ला बेल्जियममधल्या पॅशनडेलला गोळी लागून मेला. तिशीही गाठली नव्हती. तिथेच पुरलाय. त्या काळी ब्रिटिश साम्राज्याचा नियमच होता, कुणाचाही देह घरी न्यायचा नाही. श्रीमंताचा नाही, गरिबाचा नाही.

गेल्या उन्हाळ्यात आई आली होती तेव्हा तिला त्या पार्कात घेऊन गेले होते. गुडघे दुखतात म्हणून बाकावर बसली आणि सहज विचारलं, हे कुणाच्या नावाचं? मी वरची सगळी गोष्ट सांगितली. ऑलिंपिक वगैरे तिने कानामागे टाकलं. तिचा प्रश्न एकच: "मग त्याला घरी आणला का न्हाई?"

तर, आणला. १९८५ मध्ये. क्री लोकांची समजूत अशी की आपल्या रीतीने शेवटचा विधी झाला नाही, तर आत्मा भटकत राहतो. म्हणून नातेवाईक, एडमंटनचे पोलीस आणि सैन्य यांनी मिळून इथे, याच शहरात, त्याचा आत्मा घरी आणण्याचा विधी केला. गेल्यानंतर अडुसष्ट वर्षांनी. हे सांगताना मला वाटलं होतं आई म्हणेल, काय बाई एकेक. तर ती शांतपणे म्हणाली, "आमच्याकडं दर्भाचा केला होता."

आई साताऱ्याकडची. तिच्या आजोबांचे थोरले भाऊ पलटणीत होते. पहिल्या महायुद्धात इराकातल्या बसऱ्याला गेले ते गेलेच. घरच्यांनी बरीच वर्षं वाट पाहिली, मग दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी दिला, दहावं-तेरावं केलं. आईने हे तिच्या आजीकडून ऐकलेलं. मी मात्र इतकी वर्षं हे ऐकलं नव्हतं, आणि ऐकलं कुठे, तर एडमंटनमध्ये, एका क्री सैनिकाच्या नावाच्या बागेत!

म्हणून सकाळच्या त्या अंगठ्यांचा राग येतो. परमुलखात पडलेल्या माणसाला रिकाम्या हाताने घरी आणणं म्हणजे काय, हे मुलं युद्धावर धाडणाऱ्या कुठल्याही गावाला शिकवावं लागत नाही. साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरीला जाऊन विचारा. एका गावातून पहिल्या महायुद्धात सेहेचाळीस जण गेले ते आलेच नाहीत. तिथे कुणी म्हणेल का, आमची आठवण वेगळी कशाला?

बरं, अकरा तारीख सगळ्यांची आहे, मान्य. अकराला मीही जाते, स्मरणाचं लाल पॉपीचं फूल लावून. आणि युद्ध स्मशानांच्या बागा फार देखण्या राखल्यात, तेही मान्य. सगळ्यांना सारखाच दगड, हुद्दा काहीही असो. दगडांच्या मधे गुलाब, लव्हेंडर, इंग्लंडातल्या घरामागच्या बागेत असतात तशी फुलं. गर्ट्रूड जेकिल नावाच्या बाईंनी त्यातल्या काहींची आखणी केली होती. इंग्लंडच्या मुलाला परमुलखात घरासारखं वाटावं, ही कल्पना छानच. पण प्रेअरीतल्या, इथल्या गवताळ माळावरच्या पोराचं घर कुठलं? त्याच्या डोक्याशी त्याच्या माळावरचं एखादं फूल नको?

आणि सारखेपणाचं तर बोलूच नका. तो युरोपात. बसऱ्याच्या स्मारकावर जाऊन बघा. गोऱ्यांची नावं कोरलीत, हुद्दा काहीही असो, आणि हिंदी अधिकाऱ्यांचीही. त्याखाली साध्या हिंदी शिपायांची नुसती संख्या. रेजिमेंटचं नाव, आणि 'इतर इतके'. माझ्या आईच्या आजोबांचा भाऊ त्या आकड्यात कुठेतरी असेल. ही स्मशानं आणि स्मारकं सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ आयोगाने २०२१ मध्ये आपल्याच अहवालात कबूल केलं की आफ्रिका आणि मध्यपूर्वेत असा दुजाभाव झाला, आणि माफीही मागितली. मागितली, चांगलं केलं. आई त्या दिवशी पार्कातल्या पाटीकडे बघून म्हणाली, "ह्याचं नाव तरी हाय." बस. तेवढंच म्हणाली. अजून कानात आहे ते.

हेन्री नॉरवेस्ट माहीत आहे का कुणाला? फोर्ट सस्कॅचवानचा. होय, जिथल्या प्लांटवर आपली निम्मी मंडळी कामाला जातात तेच. क्री वंशाचा, अचूक नेमबाज, लष्कराचं पदक दोनदा. युद्ध संपायला तीन महिनेही उरले नव्हते, १८ ऑगस्ट १९१८ ला गेला. फ्रान्समधल्या वारव्हिलेर गावी पुरलाय. २००५ मध्ये इथले आदिवासी माजी सैनिक, वडीलधारी माणसं आणि तरुण पोरं फ्रान्स-बेल्जियमला गेली, आपल्या समाजाचे विधी केले, तिथे पडलेल्यांना हाक मारली की चला आता घरी. सरकार सोबत होतं, खर्च झाला, टीकाही झाली असेल. असू दे. मला तर हा सरकारी पैशाचा सगळ्यात नीट वापर वाटतो.

पण घरी आल्यावर त्यांनी उतरायचं कुठे? दरवेळी काँक्रीटचा चबुतरा कशाला? वाफा करा की! इथल्या मातीतला, इथल्या फुलांचा.

मी वसंतात आमच्या इमारतीसमोरच्या पट्ट्यासाठी नेमकं हेच सुचवलं. गैलार्डिया, रानगुलाब, जांभळी रान-बर्गमॉट आणि एक छोटी पाटी. गैलार्डिया म्हणजे आपला गलांडा हो, दसऱ्याला झेंडूसोबत येतो तो. त्याचा भाऊबंद इथल्या माळावर आपसूक उगवतो. कमिटीचं उत्तर आलं, "दिसायला रानटी दिसेल, पिटुनियाच बऱ्या." रानटी! ज्यांची ही जमीन त्यांच्या फुलांना! मी काय उत्तर दिलं ते इथे लिहीत नाही, आई फेसबुकवर आहे. एवढंच सांगते की कमिटीतल्या एका आजींनी नंतर लिफ्टमध्ये हळूच म्हटलं, कोपऱ्यातला वाफा घे, तिकडे कुणी बघत नाही. त्यांचे आजोबा युक्रेनहून आलेले. त्यांना मी काही समजावून सांगितलं नव्हतं.

लिहिता लिहिता राग थोडा उतरलाय. सकाळच्या सद्गृहस्थांवर मी फार चिडले खरी, माणूस तसा वाईट नाही, कुणाच्याही घरी पाइप फुटला तरी पहिला धावतो. त्यांनी कदाचित नुसताच फोटो पाहिला असेल. पण अंगठे देणाऱ्यांनो, तुम्हाला अजून माफी नाही.

तर काम असं. प्रेअरीच्या बऱ्याच बियांना थंडी खाल्ल्याशिवाय जाग येत नाही, त्या बर्फाआधीच टाकायच्या असतात. पहिला बर्फ वितळलाय, माती अजून पुरती गोठलेली नाही. येत्या शनिवारी सकाळी दहाला कोपऱ्यातल्या वाफ्यात बी टाकायचंय. खोल खणायचं नाही, वरची माती नुसती खरवडायची आणि बी दाबायचं. उन्हाळ्यात फुलेल की नाही सांगता येत नाही, रानगुलाब तर भलताच वेळ लावतो. सेज आणि स्वीटग्रास आणू नका, ते त्यांच्या विधीतलं, आपण शोभेला लावायचं नाही. पाटीवर काय लिहायचं ते क्री समाजातल्या वडीलधाऱ्यांना विचारायचंय, आणि विचारायला जाताना त्यांना तंबाखू द्यायची रीत आहे. आईला हे सांगितलं तर म्हणाली, गायछाप पाठवू का? तिला म्हटलं, थांब, इथली मिळते. हातमोजे आपापले आणा, माझ्याकडे जास्तीचे नाहीत. थर्मासभर चहा आणते. आणि पिटुनिया घेऊन कुणी आलं तर गेटवरूनच परत पाठवीन.