फोटोतलं विमान वेगळंच आहे, मावशी

पहाटे साडेपाचला आईचा फोन आला. तिकडे संध्याकाळचे सहा. "तू ते विमान शिकणं बंद कर." पुढे काही बोलेना. मावशीने ग्रुपवर काहीतरी टाकलंय, ते वाच म्हणाली.

वाचलं. १९८६ साली लॉस एंजेलिसला एका हौशी पायलटला उडता उडता हार्ट अटॅक आला, त्याचं छोटं विमान भरकटून विमानतळाच्या हद्दीत घुसलं, प्रवासी विमानावर आदळलं आणि ८२ माणसं गेली. छोट्या विमानांना रेडिओ नसतो, ती रिक्षासारखी कुठूनही घुसतात. मोठ्या विमानांत आता कॉम्प्युटर असतो, त्यामुळे त्यांची आपसात टक्कर होऊच शकत नाही. तेव्हा विमानतळांजवळ छोटी विमानं बंद करा. शेवटी हात जोडलेले तीन, आणि सगळ्यात वर एक फोटो: पंखातून आगीचे लोट निघताहेत आणि विमान कलून खाली येतंय.

मी लॉस एंजेलिसजवळ टोरन्सच्या धावपट्टीवर विमान चालवायला शिकतो. त्या अपघातातलं छोटं विमानही टोरन्सहूनच उडालं होतं. त्यामुळे दुसरं कुणी हा फॉरवर्ड सोडून देईल, मला तो सोडवत नाही.

आधी फोटो. १९८६ च्या अपघातातलं एरोमेक्सिकोचं विमान डीसी-९ होतं, त्याच्या शेपटीजवळ दोन इंजिनं असतात. फोटोतल्या विमानाला तीन आहेत. ते बोइंग ७२७ आहे, पीएसए कंपनीचं, २५ सप्टेंबर १९७८ ला सॅन दिएगोवर कोसळलेलं. हान्स वेंट नावाच्या छायाचित्रकाराने टिपलेला तो फोटो जगभर गाजलेला आहे. म्हणजे अपघात एक आणि फोटो दुसऱ्याचाच. एवढ्यावरही मी गप्प बसलो असतो, पण गंमत अशी की हा फोटोच खालच्या मजकुराला खोटं पाडतो.

सॅन दिएगोचं छोटं विमान सेसना १७२ होतं. आत एक प्रशिक्षक आणि एक शिकाऊ. त्यांच्याकडे रेडिओ होता, ते नियंत्रकाशी बोलत होते, रडारवर दिसत होते, परवानगी घेऊन सराव करत होते. ७२७ च्या वैमानिकांना "पुढे सेसना आहे" असं सांगितलं गेलं होतं. दिसतंय, असं त्यांनी कळवलंही. मग ते नजरेआड झालं आणि ही गोष्ट त्यांनी स्पष्ट शब्दांत नियंत्रकाला सांगितली नाही. कॉकपिटच्या टेपवर चौघांचं बोलणं आहे: त्या सेसनाच्या पुढे गेलो ना आपण? गेलो असायला हवं. असेल बुवा. आशा तरी आहे. त्यानंतर ७२७ मागून आणि वरून सेसनावर उतरलं. सेसनाचा पंख छताच्या वर असतो, मागून डोक्यावर येणारं विमान आतल्या दोघांना दिसणार कसं? एकूण १४४ जण गेले, त्यांत जमिनीवरचे सात. नियंत्रकाने सांगितलेली दिशा सेसनाने थोडी सोडली होती हे खरं. पण रिक्षासारखं घुसलं म्हणायचं झालं तर इथे नेमकं कोण घुसलं?

आता हार्ट अटॅक. मला सगळ्यात जास्त राग याच मुद्द्याचा आहे.

१९८६ च्या अपघातातलं छोटं विमान पायपर होतं, त्यात पायलटची बायको आणि मुलगी होती. रविवार होता, ३१ ऑगस्ट, लागून सुट्टी, आणि तिघं बिग बेअरच्या डोंगरात चालली होती. अपघातानंतर शवविच्छेदनात त्याच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या आढळल्या आणि हार्ट अटॅकची बातमी लगेच पसरली. पुढे ती टिकली नाही. पण आधी छापून आलेलं लोकांच्या डोक्यातून जात नाही, म्हणून चाळीस वर्षांनी ते सांगलीच्या ग्रुपवर फिरतंय. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाचा, म्हणजे एनटीएसबीचा, १९८७ चा अहवाल कुणालाही वाचता येतो. त्यात मुख्य कारण म्हणून हार्ट अटॅक नाही, आणि तो पायलटही नाही. मुख्य कारण दिलंय ते टक्कर टाळण्याच्या बाबतीत हवाई नियंत्रण व्यवस्थाच तोकडी होती हे. परवानगीशिवाय नकळत हद्दीत शिरणं हे त्याला हातभार लावणारं कारण, आणि त्याच्या जोडीला आणखी एक: "बघा आणि टाळा" या पद्धतीच्या मर्यादा.

ही पद्धत म्हणजे काय ते मला गेल्या महिन्यात कळलं. रेडिओवर आवाज आला, "ट्रॅफिक, टू ओ'क्लॉक, थ्री माइल्स, बोइंग सेव्हन थर्टी सेव्हन." उजवीकडे, तीन मैलांवर, दीडशे माणसं बसतील एवढं विमान. आणि मला ते सापडेना. खाली घरांची छपरं, वर धुरकट पांढरं आकाश. प्रशिक्षकाने काचेवर बोट टेकवलं तेव्हा बोटाच्या टोकाशी एक ठिपका दिसला, मी तो काचेवर चिकटलेला किडा समजत होतो. जे विमान सरळ तुमच्या वाटेवर येत असतं ते काचेवर सरकत नाही, एकाच जागी राहून मोठं होत जातं, आणि न हलणाऱ्या गोष्टीकडे डोळा वळत नाही. १९८६ ला दिवस स्वच्छ होता. तरी दोन्हीकडच्या कुणीच विमान वळवल्याची खूण सापडली नाही. एका पायलटला हार्ट अटॅक आला म्हणता, मग डीसी-९ च्या दोघांना काय झालं होतं?

कबूल करायचं ते करतो, नाखुशीने. पायपर हद्दीत विनापरवानगी होतं. लॉस एंजेलिसची हद्द म्हणजे उलटी करून ठेवलेली उतरंड: विमानतळाशी जमिनीपर्यंत टेकलेली, लांब जावं तसा तळ उंच उंच होत जाणारा. सेरिटोस गावावर हा तळ ६,००० फुटांवर होता आणि टक्कर झाली साधारण साडेसहा हजारांवर. पायलट तळाच्या खाली राहिला असता तर कुणाशीही न बोलता जाणं नियमात बसत होतं. तो वॉशिंग्टन राज्यातून इकडे नव्यानेच राहायला आला होता. चूक त्याची होती, चूकच. १९८९ ला ज्यूरीने निम्मा दोष त्याच्या माथी मारला. उरलेला निम्मा सरकारी हवाई खात्याच्या.

रेडिओ नसतो हे धडधडीत खोटं. त्याच्या विमानात रेडिओ होता, ट्रान्सपॉन्डरही होता, म्हणजे रडारला आपोआप उत्तर देणारं यंत्र. नव्हती ती उंची कळवायची सोय. नियंत्रकाच्या पडद्यावर ते विमान डीसी-९ च्या उंचीवर आहे की हजारो फूट खाली, हे कळायला मार्ग नव्हता, आणि त्याचं लक्ष त्याच वेळी न विचारता हद्दीत आलेल्या दुसऱ्या एका छोट्या विमानात अडकलं होतं. त्या अपघातानंतर मोठ्या विमानतळांच्या भोवती तीस मैलांत उंची सांगणारा ट्रान्सपॉन्डर सक्तीचा झाला. माझ्या शिकाऊ विमानातही तो आहे.

कॉम्प्युटरचं थोडक्यात. टक्कर टाळणारी टीकॅस यंत्रणा अमेरिकेतल्या प्रवासी विमानांत सक्तीची झाली तीच मुळात या अपघातानंतर. ती उत्तम आहे, पण समोरच्या विमानाचा ट्रान्सपॉन्डर चालू हवा, आणि जमिनीच्या अगदी जवळ ती "वर जा, खाली जा" असं सांगायचं थांबते. जानेवारी २०२५ ला वॉशिंग्टनला प्रवासी विमान आणि लष्करी हेलिकॉप्टर जेमतेम तीनशे फुटांवर धडकलं, ६७ माणसं गेली. मोठ्यांची आपसात टक्कर होतच नाही म्हणणाऱ्यांनी चरखी दादरी आठवावं: १२ नोव्हेंबर १९९६, सौदीचं जम्बो आणि कझाकस्तानचं इल्युशिन, ३४९ मृत्यू. दोन्ही अजस्र विमानं, दोन्ही दिल्लीच्या नियंत्रकाशी बोलत होती. छोटं विमान जवळपासही नव्हतं.

राहता राहिलं "छोटी विमानं बंद करा". लॉस एंजेलिसच्या मुख्य विमानतळाच्या बरोबर डोक्यावरून छोट्या विमानांसाठी आखून दिलेली वाट आहे, आग्नेयेला जाणारे ३,५०० फुटांवर, वायव्येला जाणारे ४,५०० वर. खाली जेट उतरत असतात आणि वरून आमच्यासारखे जातात, कायद्याने. आणि मावशी, तुझ्या शेजारच्या काकूंचा मुलगा एअरलाइनला लागला म्हणून तू पेढे खाल्लेस ना? तो गोंदियाच्या वैमानिक शाळेत दीड वर्ष जे चालवत होता, ते काय एअरबस होतं?