कार्व्हर यांचं पीनट बटर आणि अलाबामाची लाल माती

‘जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांनी पीनट बटरचा शोध लावला, भुईमुगापासून तीनशे वस्तू काढल्या आणि एकट्याच्या बळावर अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांतली शेती वाचवली.’ हा मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर सतत फिरतो. अमेरिकेतले हे कृष्णवर्णीय कृषिशास्त्रज्ञ मराठी घरांत आपलेच मानले जातात, त्यामुळे हे खोडताना जड जातं. पण यात त्यांचं खरं काम झाकलं जातंय.

पीनट बटर त्यांचं नाही. कॅनडातल्या मार्सेलस एडसन यांना शेंगदाण्याच्या लगद्याचं पेटंट १८८४ सालीच मिळालं होतं.

तीनशे वस्तूंच्या यादीत घरगुती पाककृतींचीच भर मोठी. कार्व्हर यांच्या नावावर पेटंटं तीनच, १९२५ ते १९२७ मधली. त्यातलं एक सौंदर्यप्रसाधनाचं, आणि बाकी दोन? रंगांची, तीही मातीपासून केलेल्या! त्याच्या कितीतरी आधी, १९११ मध्ये, त्यांनी परिसरातल्या मातीने भिंती रंगवण्यावर पुस्तिका काढली होती. माती खणून आणा, पाण्यात कालवा, वाळू-खडे तळाला बसू द्या, वरचं गढूळ पाणी निथळून घ्या. आपल्याकडच्या गेरू-पिवडीसारखंच हे. अर्धेलीने शेत कसणाऱ्या कृष्णवर्णीय कुटुंबाच्या उघड्या फळ्यांच्या खोपटाला यातून रंग मिळायचा आणि विकतच्या डब्याचे पैसे वाचायचे. मला हे पीनट बटरपेक्षा कितीतरी मोठं वाटतं.

आणि भुईमूग? १८९६ मध्ये ते अलाबामातल्या टस्कीगी या शिक्षणसंस्थेत आले तेव्हा कापसामागून कापूस घेऊन जमीन पार खंगली होती. त्यावर त्यांनी सांगितलेला उपाय एका पिकाचा नव्हता, फेरपालटीचा होता. चवळीवर त्यांनी १९०३ मध्येच पुस्तिका लिहिली, भुईमुगावरची गाजलेली पुस्तिका १९१६ ची. चवळीच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र जमिनीत आणतात, म्हणजे पुढच्या पिकाला चांगला बेवड मिळतो. खतासाठी उधारी करू नका, रानातला पालापाचोळा नि दलदलीतला काळा गाळ शेतात घाला, हे ते कळकळीने सांगायचे. कर्जात बुडालेल्या माणसाला यापेक्षा उपयोगी काय सांगणार?

‘एकट्याने’ हा शब्द तर मला सर्वांत जास्त खटकतो. टस्कीगी ही कृष्णवर्णीयांनीच चालवलेली संस्था, तिच्या इमारतींच्या विटासुद्धा विद्यार्थ्यांनी भाजलेल्या. १९०६ मध्ये शेतकऱ्यांच्या दारी जाऊन शेती शिकवणारी ‘जेसप’ नावाची गाडी निघाली. तिची आखणी कार्व्हर यांची, पण ती घेऊन गावोगाव फिरले ते त्यांचे विद्यार्थी थॉमस कॅम्पबेल. नांगर, बियाणं आणि लोणी काढायचं यंत्र घेऊन ते शेताच्या बांधापर्यंत जात.