नळ फुकट, पाणी ९३ हजारांचं

"नळ तर फुकटच राहते नं भाऊ!" हे वाक्य यापुढं कोणी माझ्यासमोर बोललं तर हातात असेल तो पाना मी त्याच्या दिशेनं भिरकावणार आहे, आधीच सांगून ठेवतो. असं म्हणणारे आतापर्यंत सहा जण भेटले. सहाही जणांची घरं जुन्या गावठाणात, लाइनीला खेटून. २०२२ साली जल जीवन मिशनमधून त्यांच्या दारात सरकारी खर्चानं सिमेंटचा ठोकळा बसला, त्यात तोटी आली, घरच्या बाईला तोटीजवळ उभं करून कोणीतरी फोटो काढून गेला, झालं. मी घर बांधलं त्यानंतर, आणि तेही गावाबाहेर, मारुतीच्या देवळापुढं सव्वाचारशे फुटांवर. हा माझा गुन्हा, आणि त्याचा दंड मी वर्षभर भरतोय.

गावाबाहेर हौसेनं नाही गेलो. आम्ही तिघं भाऊ, आणि आबांचं घर म्हणजे दोन खोल्या न एक ओसरी. वाटणीत मला गावालगतचा तुकडा आला, तिथं बांधलं. गावठाणात जागा उरली कुठं? गाव वाढणार ते बाहेरच वाढणार, हे शेळ्या चारणाऱ्या पोरालाही कळतं. पण ज्यांनी लाइन आखली त्यांनी ती देवळापाशी आणली, टोकाला बूच मारलं आणि गाव तिथं संपवून टाकलं.

"बोअर मार ना सरळ," असं पुण्याचा मावसभाऊ फोनवर सांगतो. बाबा रे, हा खारपाणपट्टा आहे! पूर्णेच्या खोऱ्यात अकोला, अमरावती, बुलडाणा जिल्ह्यांतली गावंच्या गावं या पट्ट्यात बसलीत. खोदा कितीही, लागतं ते खारं. त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, आणि झाडाला घातलं तर झाड बसतं. माझी माय नवी नवरी होऊन आली तेव्हा प्यायचं पाणी बैलगाडीत ड्रम टाकून आणत होते. म्हणून तर सातपुड्याच्या पायथ्याच्या वान, शहानूर अशा धरणांचं पाणी पाइपानं एवढ्या लांब या भागात आणावं लागलं. आमच्याकडं गोडं पाणी म्हणजे नळ नाहीतर टँकर, तिसरं काही नाही.

टँकरवरून आठवलं. गवंड्यानं पायाभरणीच्याच दिवशी सांगितलं, "खाऱ्या पान्यात मी माल कालवत नाही. सळईले जंग लागते, भितीले लोना लागते, मंग शिव्या मलेच." बरोबर बोलला. मग पाच हजार लिटरचे २३ टँकर आणले, ९०० रुपयांप्रमाणे. स्लॅबवर आळी बांधून त्यात विकतचं पाणी तुंबवलं की वैशाखातलं ऊन ते दुपारपर्यंत पिऊन टाकायचं, आणि मी खाली उभा राहून ९०० रुपयांची वाफ होताना पाहायचो. ते २० हजार ७०० मी पुढच्या हिशेबात धरलेले नाहीत. ते धरले की बायको ज्या नजरेनं पाहते ती सोसत नाही.

तर नळासाठी अर्ज केला. ग्रामसेवकांकडं (आता म्हणे त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं, पाटी बदलली, टेबलावरचा गठ्ठा तोच). म्हणाले, "तुमचं घर आराखड्यातच नाही." नसणारच ना! आराखडा झाला तेव्हा तिथं तूर उभी होती. मग म्हणाले, नमुना आठ आणा. मी तलाठ्याकडून आठ-अ काढून नेला. त्यांनी कागद चिमटीत धरून परत दिला. हा जमिनीचा आठ-अ, आम्हाला घराचा नमुना आठ लागतो, आणि तो आमच्याच कार्यालयात निघतो. निघतो ना तुमच्याकडं, मग काढा की! तर त्याच्या आधी घराची नोंद, नोंदीसाठी मासिक सभा, आणि सभेला कोरम, म्हणजे ठरावीक सदस्यांची हजेरी. दोन महिने लागोपाठ कोरम भरला नाही. नोंद झाली एकदाची, आणि तिसऱ्या दिवशी घरपट्टीची मागणी मात्र घरपोच! त्यासाठी कोरम लागत नसावा.

हे सगळं मी ज्या भिंतीला टेकून ऐकत होतो, तिच्यावर निळ्या अक्षरांत रंगवलंय, "हर घर जल गाव". गावातलं एकही घर नळाविना राहिलं नाही असा ग्रामसभेत ठराव होतो, मग गाव प्रमाणित होतं. ठराव झाला तेव्हा माझं घर नव्हतं, कबूल. पण आता आहे! मी सरपंचांना विचारलं, मग ठराव बदलायचा का? ते हसले. "ठराव काहून बदलाचा भाऊ? तुमीच लाइन वाढवून घ्या नं. परवानगी देऊन टाकतो." काय मोठं मन! स्वतःच्या पैशानं सरकारी लाइन लांबवायची परवानगी.

जल जीवन मिशन १५ ऑगस्ट २०१९ ला लाल किल्ल्यावरून जाहीर झालं. २०२४ पर्यंत खेड्यातल्या प्रत्येक घरात नळ, माणशी रोज ५५ लिटर. मुदत पुढं २०२८ पर्यंत वाढली. मी म्हटलं, मुदत आहे तर पुढच्या टप्प्यात धरा मला. "पाहू नं," सरपंच म्हणाले. आमच्या पंचायतीतलं "पाहू नं" म्हणजे काय ते गावात जन्मलेल्याला समजावून सांगावं लागत नाही.

मी तालुक्याला कृषी केंद्रात हिशेब लिहितो, त्यामुळं पावत्या फेकत नाही. एक एक काढून दाखवतो, ज्याला फुकट वाटतं त्यानं वाचावं.

पंचायतीत जोडणी आणि अनामत, २,५००. लाइनीचं टोक आणि माझं घर यांच्यामधे काँक्रीटचा रस्ता आडवा. तो फोडायचा तर आणखी ५,००० अनामत, "रस्ता पहिल्यासारखा करून दिला की परत". पहिल्यासारखा म्हणजे कसा, गिट्टी उघडी पडलेला? कटर लावून कापला, वर नवं काँक्रीट केलं, ४,८०० गेले. अख्ख्या रस्त्यात आता माझी ती दीड फुटाची पट्टीच तेवढी धड आहे.

रस्त्यापलीकडं चुलतभावाचा धुरा, म्हणजे शेताचा बांध. पाइप धुऱ्याच्या कडेनं जाणार. दादा म्हणाला, "ने बाप्पा, मी काय नाही म्हनतो? फक्त लिहून दे, उद्या धुऱ्यावर हक्क सांगशीन नाही म्हनून." लहानपणी याच धुऱ्यावर आम्ही दोघं बोरं वेचायचो. असो. स्टॅम्प पेपर आता १०० चा चालत नाही, ५०० चा घ्यावा लागतो, वर नोटरीचे ३००. काकूनं चहा पाजला, तो तेवढा फुकट.

मग खोदाई. काळ्या जमिनीत पाइप टाकणं म्हणजे काय हे मुरमाड भागातल्या लोकांना सांगून पटायचं नाही. उन्हाळ्यात आमच्या जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि पाऊस झाला की तीच माती फुगते. वरवर टाकलेला पाइप ती इकडं ओढते, तिकडं ढकलते, आणि जोड सुटतात. मिस्त्री म्हणाला तीन फूट खाली गेलंच पाहिजे, आणि पाइप काळा एचडीपीई, गुंडाळीतला सलग, म्हणजे जोड कमी. बत्तीस एमएमचा १४० मीटर, मीटरला ५२ रुपये, झाले ७,२८०. जेसीबीवाला "तीन तासात होऊन जाईन" म्हणाला. पाच लागले, त्यातला एक तास साहेब फोनवर. १,३०० नी ६,५००. सॅडल, फेरूल, कॉक, युनियन, रस्त्याखालून घालायचा चार इंची पाइप मिळून ४,१५०. यातलं सगळं सामान एका फेरीत कधीच येत नाही, हा प्लंबरांचा काय नियम आहे देव जाणे. दरवेळी एक रेड्यूसर कमी, एक टी उलटी, आणि तालुका १४ किलोमीटर. तिसऱ्या फेरीला दुकानदारानं मला पाहूनच विचारलं, "आता काय राहिलं?" प्लंबर आणि दोन मजूर, ७,०००.

बेरीज ३८ हजार ३०. एवढे घालून तोटी आली. पाणी अजून यायचं होतं.

ते आलं नवव्या दिवशी. आठ दिवसांआड येतं, ४० मिनिटं, आणि मी शेवटच्या टोकाला. माझ्या आधीच्या निम्म्या घरांनी लाइनीलाच पाणी ओढणारे छोटे टिल्लू पंप लावलेले. वॉलमननं वॉल फिरवला की गावात एकदम टिल्लूंची घरघर सुरू होते आणि माझा नळ नुसता फुसफुसतो, जणू माझीच चेष्टा करतोय. पंप थेट लाइनीला लावायचा नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे. वॉलमनला सांगितलं तर तो म्हणतो, "मी कोनाकोनाशी भांडू भाऊ? मले याच गावात राहाचं हाय." त्याचंही खरंच आहे.

म्हणून हौद. आता हा हिशेब बघा. घरात आम्ही पाच माणसं, ५५ नं रोजचे २७५ लिटर, आठ दिवसांचे २,२००. म्हणजे सरकारनं कागदावर दिलेलं पाणी प्रत्यक्षात वापरायचं असेल तर ते साठवायची सोय मी करायची, कारण ते रोज येत नाही. शिवाय टोकाला दाब नाही, म्हणून हौद जमिनीखालीच पाहिजे, आणि एखादी पाळी चुकली तर निभावायला मोठा पाहिजे. पाच हजार लिटरचा बांधला, ४२,०००. हौदातून वर चढवायला मोटर आणि तिची फिटिंग, ६,५००. गच्चीवर हजार लिटरची टाकी, ६,८००. झाले ५५ हजार ३००.

एकूण ९३ हजार ३३०. आमच्या भाषेत सांगायचं तर लांब धाग्याच्या कापसाचा २०२५-२६ चा हमीभाव ८,११० रुपये क्विंटल, त्या भावानं साडेअकरा क्विंटल कापूस. तोही हमीभाव मिळाला तर! नळाच्या नावानं तेवढा कापूस मी मातीत पुरलाय. आणि माझं सोडा, मला पगार आहे, भावानं उसने दिले. पंतप्रधान आवास योजनेत आमच्यासारख्या सपाट भागातल्या घरकुलाला केंद्राच्या दरानं १ लाख २० हजार मिळतात. गावठाणात जागा नाही म्हणून माझ्याच रांगेत एखाद्यानं घरकुल बांधलं, तर त्यानं भिंती उभ्या करायच्या की पाणी आणायचं?

एवढं करूनही मी गप्प बसलो असतो. खरंच. पैसा गेला, पाणी आलं, मिटलं. पण ऑगस्टात पाऊस झाला, माती फुगली, आणि रस्त्याच्या कडेचा जोड निसटला. रस्त्यावर गोडं पाणी वाहतंय, डुकरं लोळतायत. पंचायतीत गेलो. "ती तुमची खासगी लाइन हाय, दुरुस्ती तुमची." बरं बुवा. मिस्त्री आणला, १,४०० दिले, जोड बसवला.

दिवाळीनंतर माझ्या बाजूचा तुकडा एकानं घेतला, घर सुरू केलं. चांगला माणूस आहे, भांडण त्याच्याशी नाही. पण एका सकाळी पाहतो तर माझ्या पाइपाशेजारी खड्डा, आणि मिस्त्री, माझाच मिस्त्री, फाटा काढायची टी मारायला बसलेला! मी धावत गेलो. तो शांतपणे म्हणाला, "पंचायतीनं परवानगी देल्ली भाऊ." पुन्हा पंचायत. आता उत्तर काय, तर "लाइन टाकली का ते पंचायतीच्या मालकीची होते. कोनालेही जोडनी देता येते."

ऑगस्टात खासगी, नोव्हेंबरात सरकारी! पाइप माझा, खड्डा माझा, धुऱ्याचा स्टॅम्प माझा. फुटला की माझा आणि जोडायचा झाला की गावाचा. मी म्हटलं, ठीक, सरकारी तर सरकारी, मग मला खर्च परत द्या, निदान त्या भल्या माणसाकडून निम्मा मिळवून द्या. सरपंच म्हणाले, "पान्याचे पैसे मांगता काय भाऊ? पुन्याचं काम हाय." म्हणजे पुण्यही माझ्याच खर्चानं. शेजाऱ्यानं आपणहून दोन हजार पुढं केले. मला एवढं ओशाळल्यासारखं झालं की मी ते घेतले नाहीत, आणि त्यावरून बायको दोन दिवस बोलली नाही. तिचं काय चुकलं?

टी बसली. आधीच टोकाला होतो, आता टोकाच्याही मागं एक वाटेकरी. चाळीस मिनिटांत जेवढं यायचं त्यातलं निम्मं तिकडं वळतं. मायनं परवा हौदात वाकून पाहिलं आणि म्हणाली, "बाबू, याच्यापेक्षा बैलगाडी बरी होती, तिच्यात पानी तरी दिसे."

आता राहिली ती रस्त्याची पाच हजारांची अनामत. पाच वेळा जाऊन आलो. पहिल्यांदा ग्रामसेवक साहेब मीटिंगला, दुसऱ्यांदा साहेब रजेवर. तिसऱ्यांदा म्हणाले, रस्ता पाहायला येतो. अजून यायचेत, रस्ता त्यांच्या मोटारसायकलच्या वाटेवर असून! चौथ्यांदा मूळ पावती मागितली, दिली. पाचव्यांदा विचारलं तर म्हणाले पावती फाइलीला लागली, फाइल पंचायत समितीत गेली, तुमच्याकडं दुसरी प्रत असेल तर बघा. आहे. तीन झेरॉक्स आहेत, फोटो आहे, तारखेसकट वहीत नोंद आहे. सोमवारी सहाव्यांदा जाणार आहे, आणि या खेपेला झेरॉक्सही हातात देणार नाही, लांबूनच दाखवणार आहे.