‘एस एकदाच’ म्हणणाऱ्यांनी आधी सुहासचं काय करायचं ते सांगावं

पिवळ्या पाटीवर लाल अक्षरांचं एक चित्र सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतंय. ‘इंग्रजी व्याकरणाची भीती संपली! कर्ता-क्रियापदाचे पाच सुवर्णनियम.’ असली चित्रं मी एरवी न उघडताच पुढे सरकतो. पण वहिनीने याची प्रिंट काढून दहावीतल्या पुतणीच्या टेबलासमोर चिकटवली, आणि त्या पोरीने इमानदारीत ते नियम पाळून सराव चाचणीत बरोबर आलेली उत्तरं खोडून चूक केली. तेव्हा आता बोलणं भाग आहे.

पाच नियम थोडक्यात असे. एक, वाक्यात ‘एस’ एकदाच येतो. कर्त्याला असेल तर क्रियापदाला नाही, कर्त्याला नसेल तर क्रियापदाला हवाच. दोन, क्रियापदाच्या सर्वांत जवळचं नाम बघा आणि त्याप्रमाणे क्रियापद लावा. तीन, मराठीत ही भानगडच नाही, म्हणून मराठी माध्यमाची मुलं इथे मार खातात. चार, ‘नन’ (none, म्हणजे ‘एकही नाही’) नेहमी एकवचनी. पाच, ‘द टीम आर’ म्हणणं हा शुद्ध अडाणीपणा.

पहिल्या नियमापासूनच सुरुवात करू, कारण त्यानेच सगळ्यात जास्त नासधूस केली आहे. प्रत्येक वर्गात एखादा सुहास, तेजस किंवा मानस असतोच. इंग्रजी स्पेलिंगमध्ये या तिघांच्याही शेवटी एस. म्हणजे नियमाप्रमाणे ‘सुहास प्ले क्रिकेट’! बॉस आणि क्लास यांना तर दोन-दोन एस, मग त्यांच्या क्रियापदातून काय एक अक्षर उलट वजा करायचं? दुसऱ्या बाजूने बघा. चिल्ड्रन, मेन, विमेन, पीपल यांना एस नाही, म्हणून ‘चिल्ड्रन प्लेज’? ‘आय’ला एस नाही, ‘यू’ला नाही, म्हणून ‘आय गोज, यू गोज’? ‘शी’ला नाही, म्हणून ‘शी कॅन्स’? न्यूज, फिजिक्स, मॅथेमॅटिक्स यांच्या शेवटी एस ठणठणीत उभा आहे आणि तरी क्रियापद ‘इज’च लागतं. इतके अपवाद असलेल्या नियमाला सुवर्णनियम म्हणणाऱ्याने सोनं कुठल्या पेढीवरून घेतलं कोण जाणे.

मुळात हे दोन एस एकमेकांचे कोणी लागत नाहीत. नामाचं अनेकवचन दाखवणारा एस जुन्या इंग्रजीतल्या एका विशिष्ट नामवर्गाच्या प्रत्ययातून आला आणि हळूहळू बहुतेक नामांना लागला. क्रियापदाचा एस उत्तर इंग्लंडच्या बोलीतला. दक्षिणेत तिथे ‘एथ’ लागत असे. १६११ साली छापलेल्या किंग जेम्स बायबलमध्ये ‘ही मेक्स’ नाही, ‘ही मेकेथ’ आहे. पुढे उत्तरेचा एस सगळीकडे रूढ झाला आणि दोन्हीकडे योगायोगाने तेच अक्षर दिसू लागलं. त्या योगायोगाचा ‘एकच एस वाटून घ्यायचा’ असा हिशेब करणं म्हणजे गावातले दोन पाटील भाऊ-भाऊ ठरवून सातबारा लिहिण्यासारखं आहे.

एक गोष्ट मात्र नाइलाजाने मान्य करतो. ‘ही डझ नॉट गोज’ ही आपल्याकडे सर्रास होणारी चूक आहे, आणि तिथे ‘एस एकदाच’ हे वाक्य उपयोगी पडतं. ‘डू’चं ‘डझ’ झालं की कर्त्याशी जुळवून घ्यायचं काम तिथेच उरकतं, पुढचं क्रियापद मूळ रूपात राहतं. त्या चित्रात नेमकं हेच उदाहरण नाही.

आता दुसरा आणि तिसरा नियम एकत्रच घेतो. त्यांचं एकमेकांशी एक गमतीशीर नातं आहे आणि चित्र बनवणाऱ्याला त्याचा पत्ता नाही.

मराठीत ही भानगड नाही? मी जातो, मी जाते, तू जातोस, तू जातेस, तुम्ही जाता, तो जातो, ती जाते, ते मूल जातं, ते जातात. इंग्रजीत या सगळ्यासाठी ‘गो’ आणि ‘गोज’ अशी दोनच रूपं. भूतकाळात तर आपण आणखी पुढे जातो. राजूने आंबा खाल्ला, राजूने चिंच खाल्ली, राजूने पेढे खाल्ले. इथे राजू तोच, पण क्रियापद खाण्याच्या वस्तूच्या मागे धावतं. शाळेत याला कर्मणी प्रयोग म्हणतात, पण शाळेत जायच्या आधीच पोरं तो बिनचूक वापरतात. वाक्यात क्रियापद कोणाशी जुळवायचं याची ज्या मुलांना तान्हेपणापासून सवय आहे, त्यांना ‘तुमच्या भाषेत हे नाहीच’ असं सांगून आधीच हात टेकायला लावायचे, याला मी खोडसाळपणाच म्हणतो.

मग मुलं चुकतात ती कुठे? ‘आंब्यांची पेटी आली’ हे वाक्य घ्या. आंबे कितीही असोत, आली ती पेटी. मराठीत मुख्य नाम शेवटी, म्हणजे सहसा क्रियापदाला खेटून येतं. म्हणून जवळचं नाम बघितलं तरी आपलं काम भागतं. इंग्रजीत हाच क्रम उलटतो: ‘द बॉक्स ऑफ मँगोज इज हिअर’. पेटी पुढे गेली आणि क्रियापदाच्या शेजारी आंबे येऊन बसले. मराठी कान शेजाऱ्याकडे बघतो आणि ‘आर’ लिहून मोकळा होतो. ‘वन ऑफ माय फ्रेंड्स लिव्ह इन नाशिक’ ही चूक याच जातीची. मराठीत ‘माझ्या मित्रांपैकी एक नाशिकला राहतो’ म्हणताना कोणी ‘राहतात’ म्हणत नाही, कारण तिथे ‘एक’ हा शब्द मित्रांच्या नंतर येतो.

म्हणजे ‘जवळचं नाम बघा’ हा सल्ला मराठीत चालून जातो आणि इंग्रजीत तोंडावर पाडतो. मुलांची जी खरी अडचण, तीच यांनी नियम म्हणून छापली! पुतणीने खोडलेलं उत्तर याच प्रकारचं होतं. ‘ऑफ’पासूनचा तुकडा बोटाने झाकायचा आणि उरलेलं वाचायचं, एवढं सांगितलं की निम्म्याहून जास्त घोळ संपतो. ‘अलाँग विथ’, ‘अ‍ॅज वेल अ‍ॅज’ यांनी सुरू होणारे तुकडेही तसेच झाकावेत.

जवळच्या नामाचा नियम इंग्रजीत अजिबात नाही असंही नाही. ‘ऑर’ आणि ‘नॉर’ने दोन कर्ते जोडले की तो लागतो: ‘नायदर द टीचर नॉर द स्टुडंट्स वेअर प्रेझेंट’. पण ही कोपऱ्यातली खोली आहे, तिला दिवाणखाना समजू नये.

मराठीमुळे होणारी आणखी एक चूक सांगतो, कारण ती त्या पाटीवर असायला हवी होती. ‘माझे वडील शिक्षक आहेत’ यात आपण आदरार्थी अनेकवचन वापरतो. ते तसंच्या तसं उचललं की ‘माय फादर आर अ टीचर’ होतं. इंग्रजीत वडिलांना ‘इज’च लागतं, त्यात अपमान नाही. आदराची ही तऱ्हा इंग्रजांनाही एकेकाळी होती. ‘यू’ हे मुळात अनेकांसाठी, एकट्यासाठी ‘दाऊ’. मग मानाने एकट्यालाही ‘यू’ म्हणू लागले, ‘दाऊ’ मागे पडला, आणि समोर एकच माणूस असला तरी क्रियापद ‘आर’च राहिलं. आपल्या ‘तुम्ही आहात’सारखंच.

‘नन नेहमी एकवचनी’ याबद्दल फार शाई खर्च करत नाही. मेरियम-वेबस्टरचा इंग्रजी वापराविषयीचा जाडजूड कोश या मुद्द्यावर स्वच्छ आहे: हा शब्द जुन्या इंग्रजीपासून एकवचनी आणि अनेकवचनी असा दोन्ही तऱ्हांनी वापरला गेलाय, आणि तो फक्त एकवचनी असल्याची समजूत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कुठून तरी उगवली. ‘नन ऑफ द वॉटर इज’ म्हणताना अर्थातच एकवचन, कारण पाणी मोजत नाहीत. ‘नन ऑफ द बॉईज आर’ म्हणणाऱ्याला मात्र मार्क कापायची धमकी देऊ नका.

राहता राहिली टीम. अमेरिकेत ‘द टीम इज’ म्हणण्याची रीत आहे. ब्रिटनमध्ये संघातले खेळाडू डोळ्यांसमोर असतील तर ‘द टीम आर’ सर्रास चालतं, आणि क्रिकेटची भाषा आपण तिथूनच घेतली. शेवटच्या षटकांत पडद्यावर ‘इंडिया नीड’ असं लिहून येतं, ‘नीड्स’ नाही. समालोचक ‘इंडिया आर इन ट्रबल’ म्हणतो तेव्हा घरात कोणीही त्याचं व्याकरण काढत नाही. एका निबंधात एकच पद्धत धरा आणि ती शेवटपर्यंत सोडू नका, एवढं सांगितलं असतं तर मीही मान डोलावली असती. अडाणीपणाचा शिक्का मारायचाच असेल, तर तो आधी ‘सुहास प्ले’वर मारा.