भांडणं तुमची, रेंज आमची गायब
बास झालं आता! कोयना खोऱ्यात रेशन दुकानात अंगठ्याचं मशीन नुसतं फिरतंय, फिरतंय, आणि शेवटी 'एरर'. मग दुकानदार मशीन हातात धरून रस्त्यावर, मागोमाग म्हातारी माणसं अंगठा लुगड्याला-धोतराला पुसत. पाटणच्या वर जरा चढलं की हीच गत. जावळीत तेच, तिकडं जतच्या माळावर तेच.

आणि दिल्लीत काय चाललंय? सरकारची आणि मोबाईल कंपन्यांची भांडणं! मोबाईलच्या लहरींचा 700 मेगाहर्ट्झचा पट्टा लांबवर पोचतो, भिंतीतून आत शिरतो. डोंगरी मुलखाला हाच हवा. 2016 च्या सरकारी लिलावात त्याची राखीव किंमत, म्हणजे कमीत कमी बोली, किती? एका मेगाहर्ट्झला 11,485 कोटी! कोण घेणार? कुणीच घेतला नाही. 2021 ला भाव उतरवला, तरी कुणी फिरकलं नाही. विकला गेला थेट 2022 ला. अहो, पेवात भरून ठेवायला ती काय ज्वारी आहे? न वापरलेला दिवस गेला तो गेलाच.

त्याआधी 2012 ला सुप्रीम कोर्टानं टूजी घोटाळ्यातले 122 मोबाईल परवाने रद्द केले. योग्यच केलं, पण घोळ घातला कुणी? मग मोबाईल कंपन्यांकडच्या सरकारी थकबाकीचा खटला. मग 6 गिगाहर्ट्झचा पट्टा वायफायला मोकळा सोडायचा की मोबाईल कंपन्यांना विकायचा, यावर वर्षानुवर्षं खल. अमेरिकेनं तो 2020 लाच मोकळा केला! उपग्रहाच्या इंटरनेटचंही तेच झालं: त्याच्या लहरींचा लिलाव की थेट वाटप, यावर भांडण.

जा कोर्टात, खुशाल जा. पण पट्टा देताना गावागावाची यादी आणि टॉवरची तारीख आधी लिहून घ्या. नाही उभारला, तर पट्टा काढून घ्या. पोरांनी परीक्षेचा फॉर्म भरायला अजून किती वर्षं टेकडी चढायची?