खुलासा: ‘नक्षी शाबूत म्हणजे टायर ठणठणीत’ हा मेसेज चुकीचा आहे

थंडीच्या देशांत राहणाऱ्या आपल्या मंडळींमध्ये स्पोर्ट्स कारबद्दल एक मेसेज फिरतोय: “रुंद परफॉर्मन्स टायर थंडीतही जास्त पकड देतात, नक्षी (टायरवरच्या खाचा) शिल्लक असेल तर बदलायची गरज नाही.” दोन्ही गोष्टी खऱ्या नाहीत आणि त्या जिवावर बेतू शकतात.

असे टायर बहुधा समर टायर, म्हणजे उन्हाळ्यासाठी बनवलेले असतात. त्यांचं रबर साधारण ७ अंश सेल्सियसच्या खाली कडक होऊ लागतं. मग टायर नवेकोरे असले तरी पकड कमी होते. ताकद मागच्या चाकांना जात असेल, तर वळणावर ॲक्सिलरेटर जरा जास्त दाबला तरी गाडीची मागची बाजू फिरते.

दुसरा मुद्दा वयाचा. ३० नोव्हेंबर २०१३ रोजी कॅलिफोर्नियात अभिनेता पॉल वॉकर ज्या पोर्शे करेरा जीटी या स्पोर्ट्स कारच्या अपघातात मरण पावला, तिचे टायर नऊ वर्षांचे होते. तपासात यांत्रिक बिघाड सापडला नाही. मुख्य कारण वेगच होतं: ७२ किलोमीटरची मर्यादा असलेल्या रस्त्यावर ताशी १३० ते १५०. पण जुन्या टायरमुळे गाडीच्या ताब्यावर परिणाम झाला असावा, हेही तपास अधिकाऱ्यांनी सांगितलं. अशा गाड्या फार चालवल्या जात नाहीत, त्यामुळे नक्षी झिजत नाही, रबर मात्र म्हातारं होतं.

टायरच्या बाजूवर ‘डीओटी’ने सुरू होणाऱ्या क्रमांकाचे शेवटचे चार आकडे बघा. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा.

कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका. आधीच पाठवला असेल, तर त्याच लोकांना हा खुलासा आजच पाठवा.