बहिष्कृत, तरीही कॅथलिक

जातपंचायतीनं एका कुटुंबाला वाळीत टाकल्याची बातमी आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आली आणि पुण्याहून मामांनी लिहिलं, ‘कॅथलिक चर्चसुद्धा हेच करतं. मग कायदा आपल्यालाच का?’

मामा, हेच नाही करत. मी स्टुटगार्टला राहते. इथे कॅथलिक म्हणून नोंद असली की प्राप्तिकराच्या ८ टक्के चर्चकर पगारातून कापला जातो. तो थांबवायचा तर सरकारी कार्यालयात जाऊन चर्च सोडल्याचं सांगावं लागतं. माझ्या शेजारी बसणारीनं ते केलं. मग धर्मगुरूंचं पत्र आलं, ते तिनं मला जेवणाच्या सुट्टीत वाचून दाखवलं. जर्मन बिशपांच्या २०१२च्या नियमानुसार तिला आता ख्रिस्तप्रसाद मिळणार नाही, कुणाच्या बाळाची धर्ममाता होता येणार नाही. पण भेटायला, बोलायला जरूर यावं. ती कॅथलिक उरली नाही, असं मात्र त्यात कुठेच नव्हतं.

कारण बाप्तिस्मा पुसला जात नाही. रीतसर बहिष्कार झाला तरी नाही. कॅथलिक कायदा त्याला औषधासारखी शिक्षा मानतो, माणूस परत यावा म्हणून दिलेली. धर्मत्यागासारख्या गुन्ह्यात ती पंच न बसवता आपोआप लागते. संस्कार बंद, चर्चमधली पदं बंद. रविवारच्या मिस्साचं, म्हणजे चर्चमधल्या उपासनेचं, बंधन मात्र कायम. मृत्यू समोर दिसत असेल तर कोणताही धर्मगुरू त्यातून मोकळं करू शकतो. पूर्वी काही बहिष्कृतांशी संबंधच ठेवू नयेत असा नियम होता; चर्चच्या कायद्याच्या १९८३च्या संहितेत तो उरला नाही.

आपल्याकडे घटस्फोट हा शब्दच मुळात अशा विधीचा: पाण्याचा घडा लाथेनं उलथायचा आणि जिवंत माणसाला मेलेला धरायचं. मी वाढले त्या गुरुवार पेठेत, पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये १८९० साली घेतलेल्या चहावरून ग्रामण्य, म्हणजे जातबहिष्काराचा वाद, झालं. टिळक-रानड्यांनाही प्रायश्चित्त घ्यावं लागलं. वाळीत टाकलेल्याचं पाणी, लग्न, स्मशान तुटतं. महाराष्ट्राचा २०१६चा कायदा त्यासाठी आहे, आणि तो हवाच.

चर्चचंही सगळं मला पटत नाही. जिला मनापासून बाहेर पडायचंय तिचं नाव बाप्तिस्म्याच्या वहीत राहतंच, हे मला जाचक वाटतं. तिलाही वाटतं.

पत्राची घडी घालून तिनं पर्समध्ये ठेवली. तिची आई एकही मिस्सा चुकवत नाही. त्या संध्याकाळी ती आईकडेच जेवायला जाणार होती.